ईईजीला येताना डोक्याला तेल नको, पण मामा-मावशांची वही हवी

गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये गेली बावीस वर्षं मी लोकांच्या डोक्याला वाट्या चिकटवते. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, आणि वाट्या म्हणजे तो काढायचे इलेक्ट्रोड. शर्टाच्या बटणाएवढे, आतून खोलगट, त्यात पेस्ट भरायची आणि टाळूवर दाबायचे. माझे निम्मे पेशंट नाशिक शहराबाहेरचे असतात. निफाड, सिन्नर, दिंडोरी, पार सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून येतात, आणि येताना हमखास दोन गोष्टी चुकतात. एक तर आईने पोराच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलेलं असतं, का तर "डोक्याची तपासणी आहे, डोकं थंड राहू दे." आणि दुसरं, "घरात अजून कुणाला आकडी येते का?" असं विचारलं की सोबत आलेले पाचही जण एका सुरात "नाही" म्हणतात.

तेल मी दहा मिनिटांत काढते. त्या "नाही"ला कधी कधी वर्ष लागतं.

मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. आलेख काढायचा माझ्या हातात, वाचून निदान करायचं त्यांच्या. पण आलेखात काय दिसणार हे निम्मं घरातून ठरून येतं, आणि घरातलं ते माझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून येण्याआधी काय करायचं ते सांगते.

आदली रात्र

केस शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका. तेल, जेल, गंगावन, टिकल्यांच्या पिना काही नको. कारण साधं आहे. मेंदूतली वीज कवटी-कातडी ओलांडून टाळूवर येते तेव्हा ती साधारण पन्नास मायक्रोव्होल्ट उरते. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढी. त्यात मध्ये तेलाचा थर आला की मशीनला मेंदू कमी आणि खोलीतल्या वायरिंगचा गुणगुणाट जास्त ऐकू येतो.

चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. "तपासणी आहे म्हणून कालची दिली नाही" असं सांगणारे महिन्यातून दोन तरी येतात. पोराला उपाशीही आणू नका. पोट भरून आणा. चहा-कॉफी मात्र टाळा.

डॉक्टरांनी 'कमी झोपेचा ईईजी' लिहिला असेल तर तो मनावर घ्या. मोठ्या मुलाला उशिरा झोपवून पहाटे तीन-चारला उठवायचं, म्हणजे इथे आल्यावर वाट्या लावल्या की ते झोपतं. झोप लागतानाच्या त्या पंधरा मिनिटांत जे दिसतं ते जागेपणी तासभर बसून दिसत नाही. पंचवटीतले एक आजोबा नातवाला पहाटे चारला उठवून रामकुंडावर चालवत नेतात, थंड पाण्यात पाय बुडवायला लावतात, जागं ठेवायची सगळी युक्ती करतात. आणि मग परत येताना रिक्षात पोरगं त्यांच्या मांडीवर गाढ. आलं की टवटवीत! सिन्नरहून येणाऱ्यांचंही तसंच, मोहदरी घाट उतरेपर्यंत जागं असलेलं मूल द्वारकेला पोचेस्तोवर घोरतं. गाडीत त्याच्याशी बोला, गाणी म्हणायला लावा, भांडलात तरी चालेल.

आणि मोबाईलमध्ये फीटचा व्हिडिओ असेल तर तो आणा. नसेल तर पुढच्या वेळी घ्या. आधी मूल कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि दुसऱ्याने मोबाईल धरायचा. सगळं अंग दिसलं पाहिजे, डोळे दिसले पाहिजेत, हात धरून ठेवायचे नाहीत. नावाने हाक मारायची, एखादा शब्द सांगायचा, "लाल फूल", आणि शुद्धीवर आल्यावर तो आठवतो का विचारायचं. पाच मिनिटांच्या वर चाललं तर व्हिडिओ सोडा, १०८ला फोन करा. कांदा हुंगवू नका. आमच्या जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही हे खरं, पण लासलगावचा असला तरी त्याने फीट थांबत नाही. ती थांबायची वेळ झालेली असते म्हणून थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

डोक्यावरचा नकाशा

आल्यावर मी आधी टेप काढते. नाकाच्या वरची खाच ते मानेवरचं हाड, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडून लाल पेन्सिलीने खुणा करते. ही पद्धत १९५८पासून जगभर एकच आहे, त्यामुळे नाशिकचा आलेख मुंबईच्या डॉक्टरांनाही वाचता येतो. डावीकडच्या जागांना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम. नवीन असताना मी एकदा डावी-उजवी वाटी अदलाबदल केली होती. सरांनी आलेख बघून विचारलं, "हा माणूस आरशातून आलाय का?" तेव्हापासून मी खुणा दोनदा मोजते.

मग दिवे मंद करून सांगते, डोळे मिटा. मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांवर एकसारख्या गुळगुळीत लाटा येतात. सेकंदाला आठ ते तेरा. उघडले की विरतात. ह्यांना अल्फा म्हणतात. जर्मनीत येना गावी हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या डोक्यावरून हा आलेख १९२४मध्ये पहिल्यांदा काढला, आणि १९२९मध्ये तो छापला. त्यांनी ज्यांच्या डोक्याला तारा लावल्या त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा क्लाउसही होता. बर्गरना बाप-लेकाच्या लाटा शेजारी शेजारी ठेवून बघायचा मोह झाला असेल का, हा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो.

कारण मी ते पाहिलंय. ओझरचे दोन जुळे भाऊ होते, चौदा वर्षांचे, दिसायला एक झाकावा दुसरा काढावा असे. एकाला फीट आली होती, दुसऱ्याला लहानपणी फक्त तापात एकदा आकडी. डॉक्टरांनी दोघांचाही आलेख काढायला सांगितला. आम्ही तेव्हा कागदावर काढत होतो, तीस मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. मी पट्टी ठेवून मोजलं. ह्याच्या दहा, त्याच्याही दहा. उंची तीच, फुगून विरण्याची चालही तीच, जणू एकाच सुताराने रंधा मारलेल्या दोन फळ्या. कागदांवर नावं नसती तर माझ्याच्याने ते वेगळे ओळखता आले नसते.

अमेरिकेत हॅलोवेल आणि पॉलिन डेव्हिस ह्या जोडप्याने १९३६मध्येच सारख्या जुळ्यांचे आलेख इतके मिळतेजुळते असतात हे लिहून ठेवलं होतं. पुढे नेदरलँड्समध्ये सोळा वर्षांच्या २१३ जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला, १९९६ साली. त्यात अल्फाच्या ताकदीतल्या फरकापैकी ८९ टक्के फरक जनुकांच्या वाट्याला गेला. शरीराच्या मोजता येणाऱ्या फार थोड्या गोष्टी इतक्या घट्ट वारशाने येतात.

इथे लोक गडबड करतात. ८९ टक्के म्हणजे "माझ्या लाटेचा ८९ टक्के भाग बापाचा" असं नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला एवढा वाटा जनुकांमुळे, एवढंच. आणि लाट वारशाने येते म्हणजे आजार येतो असंही नाही. काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या अल्फा बारीकच असतो, रेघ जवळजवळ सपाट. रिपोर्टवर 'लो व्होल्टेज' असं येतं आणि घरचे घाबरून फोन करतात, "मेंदूत करंट कमी आहे का?" नाही हो. काहींचं नाक बसकं असतं तसं ते.

ढोल-पथक

ईईजीतून आणखी एक गोष्ट कळते, मेंदूचे कुठले भाग कुणाशी जोडलेले आहेत. पुढच्या आणि मागच्या वाटीखालच्या लाटा एकमेकींच्या लयीत आहेत का हे मोजता येतं. डच जुळ्यांत तेही बघितलं, तर लयीच्या ह्या जुळण्यातला साधारण साठ टक्के फरक जनुकांचा निघाला. म्हणजे लाटा तर वारशाने आल्याच, जोडणीही बऱ्यापैकी आली.

हे मी पालकांना ढोलावरून सांगते, नाशिकमध्ये वेगळं उदाहरण शोधायची गरजच नाही. पथकात पन्नास ढोल असतात. पण सगळेच एकाच ठोक्यावर कायम वाजवत नाहीत. ताशा चाल देतो, काही ढोल थांबतात, काही घुमतात, समोर उभा असलेला हात वर करतो तेव्हा सगळे गप्प. मेंदूतही तसंच. आत खोल थॅलॅमस नावाचा भाग आहे, तो ताशासारखी चाल देतो. आणि थांबवणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत, त्यांचं काम इशारा करून इतरांना गप्प करणं.

शाळेत पोरगी लिहिता लिहिता दहा सेकंद शून्यात बघते, बाई ओरडतात, ती पुन्हा लिहायला लागते. तिचा आलेख काढताना मी तिच्या तोंडासमोर भिरभिरं धरते आणि तीन मिनिटं फुंकर घालायला लावते. जोरात श्वास घेतला की अचानक सगळ्या रेघांवर एकदम, डोक्याच्या पुढूनमागून, सेकंदाला तीन असे टोकदार ठोके सुरू होतात. पन्नासच्या पन्नास ढोल एकाच ठोक्यावर अडकलेले. भिरभिरं थांबतं. दहा सेकंदांनी पुन्हा फिरतं, पोरीला काही माहीतच नाही. ह्या प्रकारात घराण्याचा वाटा असतो, पण एका जनुकाचा नाही. बारीक बारीक अनेक जनुकं मिळून. २०२३मध्ये जगभरच्या एका मोठ्या अभ्यासात आकडीशी जोडलेल्या अशा २६ जागा सापडल्या, आणि त्यातल्या १९ ह्या सगळ्या मेंदूत एकदम उठणाऱ्या आकड्यांच्या होत्या.

ह्याच्या उलट कधी कधी एकच जनुक सगळं बिघडवतं. एससीएन१ए हे जनुक थांबवणाऱ्या पेशींतली सोडियमची दारं बनवतं. ते बिघडलं की इशारा करणाऱ्याचा हातच वर जात नाही. तान्ह्या बाळाला ताप आला की अर्धा-अर्धा तास फीट. ड्राव्हे सिंड्रोम म्हणतात त्याला. आता गंमत बघा, आकडीच्या काही नेहमीच्या गोळ्या सोडियमची हीच दारं आणखी बंद करतात. एरवी ते उपयोगाचं. ह्या मुलांत मात्र आधीच थकलेल्या माणसाचा हात आणखी खाली ओढल्यासारखं होतं, फीट वाढतात. म्हणून जनुक कळणं ही नुसती माहिती नसते, गोळी बदलते.

वही

आता त्या "नाही"कडे येते.

निफाड तालुक्यातली एक मुलगी होती, दहावीची. पहाटे अभ्यासाला उठली आणि बाथरूममध्ये पडली, अंग झटकत होतं. माझ्याकडे आली, मी विचारलं घरात कुणाला? नाही. मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं. आलेख स्वच्छ आला. (आकडी असलेल्या निम्म्या लोकांचा पहिला आलेख स्वच्छच येतो, हे घरच्यांना सांगूनही पटत नाही.) मधल्या काळात दुसरीकडून तिला एक गोळी सुरू झाली. मोठ्या फीट थांबल्या, पण सकाळचे हाताचे बारीक झटके वाढले. ब्रश हातातून उडायचा, कंगवा उडायचा. वर्षभराने ती पुन्हा आली, ह्या वेळी कमी झोपेच्या ईईजीसाठी.

सोबत आजोबा होते. मी फोनवर सांगितलेलं, घराण्याची माहिती आणा. त्यांनी ते फार मनावर घेतलं होतं. थेट त्र्यंबकेश्वरला जाऊन कुळाच्या उपाध्यायांकडून नामावळी बघून आले होते, पानांचे फोटो मोबाईलमध्ये. आठ पिढ्या! अमक्याचा मुलगा तमका, त्याचे तीन मुलगे, त्यांनी अमक्या साली श्राद्ध केलं. मी खरंच थक्क झाले. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, त्यात एकही बाई नव्हती म्हणण्यासारखी. विचारलं, मुली? आजोबा म्हणाले, "त्या दिल्या घरी गेल्या." आणि मुलीच्या आईचं माहेर? ते तर दुसरंच कुळ, दुसरे उपाध्याय.

आठ पिढ्यांचे बाप होते आणि एका पिढीची मावशी नव्हती. जनुकाला गोत्र माहीत नसतं. मुलीत निम्मं आईकडून आलेलं असतं.

मग मी आईला बाजूला घेतलं. आकडी हा शब्दच वापरला नाही. विचारलं, तुमच्या माहेरी कुणी तरुणपणी अचानक गेलं? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आईची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी. विहिरीवर पाय घसरला.

"त्याआधी कशी होती?"

"चांगली होती की. फक्त सकाळी भांडी उडवायची हातातून. आजी म्हणायची, हिच्या हाताला बूड नाही."

आणि मग, अगदी हळू, खाली बघत, "ताई, माझ्या हातातूनपण सुटतो कप. सकाळीच. घरात सगळे हसतात, आमच्याकडे कप टिकत नाहीत म्हणून."

त्या दिवशी मुलगी झोपेतून जागी होतानाच्या आलेखात सेकंदाला चार-पाचच्या गतीने टोकांचे झुपके आले. बाकीचं डॉक्टरांनी जोडलं. गोळी बदलली, कारण आकडीची प्रत्येक गोळी प्रत्येक आकडीला चालत नाही, सकाळच्या झटक्यांना कार्बामाझेपिनसारखी गोळी उलटी पडू शकते. आणि मुलगी आहे, उद्या मूल होणार, म्हणून कुठली गोळी टाळायची तेही बघितलं. व्हॅल्प्रोएट हे नाव मुलीच्या कागदावर दिसलं तर डॉक्टरांशी त्यावर बोला, स्वतः थांबवू मात्र नका. आईचाही आलेख काढला.

माझ्या पहिल्या फॉर्मवरचा तो 'नाही' अजून फाईलमध्ये आहे. मी खोडला नाही.

तर वही अशी करायची. शाळेची चौकटीची वही घ्या, आडवी धरा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडायचे, खाली उभ्या रेघेने मुलं, थोरलं डावीकडे. जिच्यासाठी तपासणी आहे तिच्याकडे बाण. आकडी असलेल्याचा चौकोन किंवा गोल भरून काढायचा. वारलेल्यावर तिरकी रेघ. नवरा-बायको आधीपासून नात्यात असतील तर एकाऐवजी दोन रेघा. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण लिहा. मामे-आते भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. एकच प्रत बिघडलेली असेल तर काही होत नाही असे काही आजार असतात, पण दोघांकडून तीच बिघडलेली प्रत आली तर मुलात उतरतात.

किमान तीन पिढ्या, दोन्ही बाजूंच्या. वडिलांकडच्या आत्या, आईकडच्या मावशा, त्यांची मुलं. गेलेली बाळंसुद्धा. आणि प्रत्येकाजवळ वय लिहा, आकडी कितव्या वर्षी सुरू झाली, किती वर्षं होती.

विचारायचं कसं, तर 'आकडी' म्हणून विचारलंत की दार बंद. आमच्या भागात ती वेगवेगळ्या नावांनी लपलेली असते. फेफरं, मिरगी, चक्कर, "अंगात यायचं", "बाहेरचं होतं". पुढचे प्रश्न विचारा. लहानपणी तापात डोळे फिरवले होते का कुणी? शाळेत मास्तर कुणाला 'तंद्रीत असतो' म्हणायचे? कुणाच्या अंगावर चुलीत पडून भाजल्याचा डाग आहे? कुणी विहिरीत, नदीत, आंघोळीच्या वेळी गेलं? झोपेत कुणी विचित्र हातपाय मारायचं, आणि सगळ्यांनी ते भुताचं म्हटलं? शेवटचं ऐकायला विचित्र वाटेल, पण फक्त झोपेत येणारी एक आकडी आहे. कुटुंबात चालत येणाऱ्या आकडीचं पहिलं जनुक १९९५मध्ये तिच्यातच सापडलं.

तापातल्या आकडीचं वेगळं सांगते, कारण ती कुणी मोजतच नाही. एका घरात एससीएन१एचाच बदल आजोबांना नुसत्या तापातल्या दोन फीट देतो, आत्याला मोठेपणी तीन-चार, आणि नातवाला जन्मभर त्रास. बदल एक, माणसं वेगळी. आजोबांच्या दोन फीट लिहिल्या नाहीत तर ही साखळी दिसतच नाही.

आणि सगळं घराण्यावर ढकलू नका. बाळंतपणात बाळ रडायला उशीर झाला, मेंदूज्वर झाला, मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, कच्च्या न धुतलेल्या भाजीतून फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ झाली, ही कारणं आपल्याकडे भरपूर आहेत. ती वहीच्या मागच्या पानावर.

वही करताना भांडण होणारच. सासरचे म्हणतील सुनेकडून आलं, सून म्हणेल आत्याबाईंना विसरलात का. तेव्हा हे सांगा. ड्राव्हेसारख्या आजारांत बहुतेक मुलांतला बदल आईतही नसतो, बापातही नसतो, त्याच मुलात नव्याने झालेला असतो. पीसीडीएच१९ नावाचं एक जनुक तर आणखी चक्रम, त्याचा आजार मुलींना होतो आणि तोच बदल अंगात असलेला बाप बहुधा ठणठणीत असतो. त्याच्या साऱ्या मुलींत मात्र तो उतरतो. म्हणजे चेहरा बघून "ह्याच्याकडून आलं" म्हणणाऱ्याचा अंदाज चुकायचीच शक्यता.

लग्नाचं भय खरं आहे, मी नाकारत नाही. वहीत बहिणीचं नाव भरलं तर तिचं जमेल का, असं हळूच विचारणारे भाऊ येतात. हिंदू विवाह कायद्यात आकडी हा लग्नाला अडसर मानला जायचा, १९९९च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आणि धोक्याचा आकडा हवा असेल तर, अमेरिकेतल्या रोचेस्टर गावच्या अनेक वर्षांच्या नोंदींत आकडी असलेल्यांच्या आई-बाप-भावंडं-मुलांपैकी चाळिशीपर्यंत शंभरात पाचेकांना ती झाली, एरवी शंभरात एकाला. पाच म्हणजे पंचाण्णवांना नाही.

रक्ताची नळी

जनुकाची तपासणी सगळ्यांना लागत नाही. पहिल्या वर्षाच्या आत फीट सुरू झाल्या, मूल बोलण्या-चालण्यात मागे आहे, दोन योग्य गोळ्या देऊनही थांबत नाही, किंवा वहीत तीन गोल भरलेले आहेत, तर डॉक्टर विचार करतात. दहावीतल्या त्या मुलीसारख्या प्रकारात पॅनेल, म्हणजे एकदम अनेक जनुकांची तपासणी, केलं तरी बहुधा काही सापडत नाही, कारण तिथे अनेक जनुकांचे बारीक वाटे असतात. काही न सापडणं म्हणजे 'घराण्याचं नाही' असं नव्हे.

रक्त नाशिकमध्येच काढतात, नळी बहुधा बाहेरच्या शहरात जाते, उत्तराला काही आठवडे लागतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: उत्तर आलं तर आमच्यासाठी काय बदलेल? गोळी, आहार, की पुढच्या बाळाचा निर्णय? एसएलसी२ए१ जनुकात बिघाड निघाला तर मेंदूत साखर पोचत नसते, तिथे गोळीपेक्षा चरबीवर चालणारा कीटोजेनिक आहार काम करतो. असं बदलणारं उत्तर असेल तर तपासणीला अर्थ आहे. आणि जमत असेल तर आई-बापाचंही रक्त सोबत द्या, नुसत्या मुलाचं वाचणं म्हणजे एका बाजूचंच बोलणं ऐकण्यासारखं.

रिपोर्ट आला की एक शब्द शोधा, व्हीयूएस. अर्थ असा की जनुकात फरक आहे, पण तो दोषी की निर्दोष हे ठरलेलं नाही. ह्याच्यावर गोळी बदलायची नाही, भांडायचं नाही, व्हॉट्सॲपवर कुटुंबाच्या ग्रुपमध्ये टाकायचा तर अजिबात नाही. जपून ठेवा आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा वाचून घ्या, कारण तेव्हाचा अनोळखी बदल पुढे ओळखीचा होतो. आणि 'नव्याने झालेला' असं आलं तरी पुढच्या बाळाआधी सल्ला घ्या. कधी कधी आई-बापाच्या काही थोड्याच पेशींत तो बदल लपलेला असतो, रक्तात दिसत नाही.

वही रिपोर्टसोबतच ठेवा, पिशवीत. दर वर्षी भर घाला. निफाडच्या त्या आईने मागच्या वेळी आणली तेव्हा तिच्या मावशीचा गोल होता, तिरकी रेघ होती, आणि बाजूला बारीक अक्षरात नाव. आजोबांनीच लिहिलं होतं म्हणे, त्यांचं अक्षर वळणदार आहे.

घरी गेल्यावर केसांतली पेस्ट लगेच खरवडू नका, ती दगडासारखी होते. कोमट पाणी पाच मिनिटं मुरू द्या, मग मोठ्या दातांच्या फणीने विंचरा, मग शाम्पू. आणि आता हवं तेवढं तेल लावा.